बांधावरचे बावीस दिवस

गिअरबॉक्सचा एक दात तुटला
आणि आमची गाडी सिलार्डच्या शेडमध्ये
कोंबड्यांच्या शेजारी मुक्कामाला गेली.
सुटा भाग येईल मंगळवारी, तो म्हणाला.
कुठल्या मंगळवारी, ते नाही म्हणाला.

मोंतेविदेओ सोडून सात महिने झाले होते.
अकरा देश नकाशावर पळत आलेली लाल पेन्सिल
इथे तिसा नदीकाठी एका ठिपक्यावर अडली:
एक दुकान, एक चर्च, विजेच्या खांबांवर करकोच्यांची घरटी,
आणि जमीन इतकी सपाट
की आनीबाल म्हणाला, इथे सांडलेलं दूधसुद्धा
विचार करत बसेल, कुठं जाऊ.

समोरच्या घरातली एतेल्का नेनी
एकतीस वर्षं टपाल वाटत असे.
कोठारातून तिने दोन सायकली ओढून काढल्या.
एक नातवाची, बुटकी, गंजलेली.
दुसरी तिची स्वतःची, टपालाची,
गाभण गाईसारखी जड,
घंटी मात्र अजून खणखणीत.

नेरेओ सहा वर्षांचा.
पडला, रडला, जर्दाळूच्या झाडावर आदळला,
झाडालाच लाथ मारली, परत बसला.
तिसऱ्या दिवशी मी सीट धरून पळत होते
आणि माझ्या हातात सीट नव्हतीच.
त्याच्या शर्टाचा फुगा बांधावरून
लहान लहान होत गेला,
तेव्हा कुठे लक्षात आलं, थांबायचं कसं
हे शिकवायचं राहिलंच.

फोटो आहेत. चव्वेचाळीस.

इल्दा नऊ वर्षांची.
अकरा देशांत दुकानदारांशी तीच बोलायची,
सुटे पैसे मोजायची,
परतीची वाट लक्षात ठेवायची.
एकदाच बसली त्या जड सायकलवर.
दोन हात गेली. कलंडली. उठली.
फ्रॉक झटकून म्हणाली,
मला पुस्तक वाचायचंय.

मग रोज संध्याकाळी भाऊ बांधावर चकरा मारी
आणि ती खाली गवतात
त्याचं जॅकेट सांभाळत बसे,
तेच एक पान उघडून.
मी काही बोलले नाही.
खोटं कशाला, एकदा बोलले:
बघ, तो तुझ्याहून लहान असून...
पुढचं गिळलं,
पण बाहेर पडलं तेवढं पुरेसं होतं.

त्यानंतर मला दिसलं ते एवढंच:
सकाळी तिच्या बुटांवर दव.
कोपरावर खरवड; विचारलं तर, मांजर.
नडगीवर जांभळा डाग, पायडलच्या मापाचा.
न्याहारीला मान खाली घालून
भावाच्या वाटणीचाही पाव फस्त.
नेनीची भाषा मला येत नाही, माझी तिला.
मी भुवया उंचावल्या,
तिने बोट ओठांवर ठेवलं
आणि जर्दाळूंची पिशवी पुढे केली.

भाग आला. मंगळवारी नाही, शुक्रवारी.
सोबतचा बोल्ट चुकीचा निघाला,
सिलार्डने तो शिव्या देत कानसून बसवला.

निघायच्या सकाळी पाव संपलेला.
मी आणते, इल्दा म्हणाली,
आणि टपालाची सायकल घेऊन फाटकाबाहेर पडली,
जणू हे रोजचंच काम.
सीट उंच, म्हणून उभ्यानेच पायडल मारत.
वळणावर तिने घंटी वाजवली.
वळणावर कुणी नव्हतं.
आनीबाल कॅमेरा शोधायला धावला.
राहू दे, मी म्हटलं.

कुणी धरलं होतं, केव्हा सोडलं,
पहिल्यांदा तोल सापडला तेव्हा ती ओरडली
की ओठ आवळून पुढे निघाली,
कुणाचं तरी पत्र पोचवायचं असल्यासारखी,
मला माहीत नाही.
ती सांगत नाही.

सीमा जवळ आली. मागच्या सीटवर नेरेओ
रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला बजावत होता,
लासान, लासान.
म्हणजे सावकाश. पडणाऱ्याला नेनी तेच म्हणायची.

लोश्शोन, इल्दा म्हणाली.
खिडकीबाहेर बघत,
पुन्हा एकदा, हळू: लोश्शोन.