दुभाषी

सिव्हिलमधून मला बोलावणं आलं:
बोद्दूल राजव्वा तेलुगू, डॉक्टर लातूरचे,
कागद मराठी.

पायाचा अंगठा काळा पडलाय, काढावा लागेल.
व्यंकटेश म्हणाला, "तिला काय विचारायचं?
मलमपट्टी आहे म्हण. पेन इकडे द्या."

चाळीस वर्षं तिनं विड्या वळल्या.
हजारातल्या छाट किती
ते चेकरनं ठरवलं, खिडकीच्या पलीकडून.
लग्न कुणाशी, घर कुणाच्या नावावर,
तेही असंच. खिडक्या तेवढ्या वेगळ्या.

मी म्हणालो, "चिन्न पनी, पेद्दम्मा."
छोटंसं काम.
खोटं नव्हतं. अर्धं होतं.

तिनं पायावरची चादर सारखी केली,
मोराची, कडेला उसवलेली,
आणि डॉक्टरकडे बघून मराठीत म्हणाली,
"अंगठा काढायलेत, ह्यो सांगंना झालाय.
काढला तर पाय वाचतोय का?
न्हाई काढला तर किती दिवस?"

डॉक्टर खुर्ची ओढून बसले.
पहिल्यांदाच बसले.

नंतर जिन्यात मी व्यंकटेशला विचारलं,
मराठी येतं तर मला कशाला?
त्याला माहीत नव्हतं.
तिला विचारायला परत गेलो.

"येतंय की. सत्तर फूट रोडला भाजी काय तेलुगूत घेते?
तू काय सांगतोस, ते बघायलते."

कागद तिनं उशीखाली घातला होता.
"सकाळी सांगते," म्हणाली.
सकाळपर्यंत थांबणं बरं नाही,
हे तिला सांगितलं होतं. दोन्ही भाषांत.

व्यंकटेश दाराशी उभा,
पेनचं टोपण अजून उघडंच.