उष्टावणाची वाटी

फडताळातून चांदीची वाटी काढली,
एकवीस वर्षांनी.
तळाशी बारीक अक्षरांत संदेशचं नाव
आणि त्याच्या पहिल्या घासाची तारीख.
आता तिच्यात माझं जेवण मावतं:
दोन चमचे मुगाचं घट्ट वरण,
उकडल्या अंड्याचा पांढरा,
पनीरचा तुकडा, बोटाच्या पेराएवढा.
एक घास, वीस वेळा चावून.
मध्ये चमचा खाली ठेवायचा,
नाहीतर हात आपला आपण पुढे जातो.

शहापुरात आमचं मांड्यांचं घर.
भरलेली पारी दोन्ही हातांवर झुलवत न्यायची
कोपरापर्यंत, पार पातळ होईतो,
आणि पालथ्या मडक्यावर टाकायची.
कड तुटली की तोंडात.
सासू म्हणायची, कडा मोजायच्या नसतात.
मीही मोजल्या नाहीत.
एकशे अठरा किलोंत
निम्म्या तरी कडाच असणार.

ऑपरेशननंतर तिसऱ्या महिन्यात
सवयीनं एक कड गेली तोंडात.
पाच-दहा मिनिटांत कपाळावर घाम,
हातपाय गार,
छातीत धोटा इकडून तिकडं, तिकडून इकडं.
पिठाच्या पोत्याला टेकून बसले.
भिंतीपलीकडं मागही चालूच होते,
त्यांचा खडखडाट कुठला, माझा कुठला,
कळेना.
तेव्हापासून चाखायला पुतणी.
"गोड बरोबर हाय काय गे, मेघना?"
मी विचारते,
माझ्याच हाताच्या मांड्याबद्दल.

पाणीसुद्धा घोट घोट, घड्याळ बघून.
जेवणाआधी अर्धा तास नाही, नंतर अर्धा तास नाही.
तहानेचं वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलंय,
जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर.
फणीत केसांचा गुंता येतो रोज.
डॉक्टर म्हणतात, येतील परत.
दंडाखालचं कातडं मात्र लोंबतं तसंच.
त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही
की मी निघून गेले.

सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर चालते.
पहिल्या दिवशी फाटकापासून दुसऱ्या बाकापर्यंत.
आता तीन फेऱ्या, गंगव्वाबरोबर.
ती बैलहोंगलची, गुडघ्यांसाठी येते.
"ऊटा आतेनव्वा?" रोज विचारते,
सकाळी साडेसहालाही.
मी म्हणते, "आतु."
ती वाटीकडं बघत नाही, काट्याकडं बघत नाही,
म्हणून तिच्यासोबत पाय भरभर पडतात.

खानापूरच्या लग्नात मात्र सगळे बघूलालेले.
"काय गे मालन, साखर झाली काय? किती वाळलीस!"
आणि मावशी, हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं:
"कापून घेतलं की ओ तिनं. सोप्पं!"
सोप्पं.
तो शब्द वीस वेळा चावला.
उतरला नाही.

पंगतीत मांडा आला, चौघडी घालून,
वर दुधाची किटली.
माझाच तो, घडीवरून ओळखला.
पानावर हात आडवा धरला. म्हटलं, "पुरे."
आमच्यात पुरे म्हटलं की
अजून एक वाढतात.
पोरगा वाकलाच.
तेव्हा कुठून कोण जाणे
गंगव्वा तोंडात आली:
"साकु."
मोठ्यानं. अख्खी ओळ वळून बघायला लागली.
पोरगा सरळ झाला आणि पुढं गेला.

रात्री पोट भरलेलं असतं,
डोकं अजून पंगतीतून उठत नाही.
दीड वाजता डबा उघडते,
तुपाचा वास घेते, झाकण लावते.
कधी कधी लावत नाही लगेच.
खोटं कशाला सांगू.

आज पारी चांगली आली, पलीकडं उजेड दिसेल इतकी.
कडा तुटल्या,
मागावरच्या पोरांना दिल्या कागदात बांधून.
सात.
मोजल्या.