स्मरणिकेसाठी दोन पानं

अध्यक्ष म्हणाले, दोन पानं लिही,
तिसऱ्यावर फरसाणवाल्याची जाहिरात आहे,
तिच्या आत संपव.

तर, वेताळवाडी क्रीडा मंडळ.
स्थापना एकोणीसशे बावन्न.
किंवा चोपन्न. पावतीपुस्तकावर बावन्न छापलंय,
पण बाबल्या विलणकर शपथेवर सांगायचा
की छापखान्यात चाराचा खिळा तुटलेला होता.

तेव्हा खेळाचं नाव हुतुतू,
वाडी रत्नागिरीच्या बाहेर,
आणि मैदान म्हणजे खाडीच्या तोंडावरची पुळण :
ओहोटीला ऐसपैस, भरतीला नाहीच.
सामन्याची वेळ पंचांग ठरवायचं.
अष्टमीला भर दुपारी,
पुनवेला दिवेलागणीच्या सुमारास.
एकदा अंतिम सामना लांबला.
गणू सुर्वे शेवटच्या चढाईहून परतला
तो घोटाभर पाण्यातून, दम न सोडता.
सरपंचांनी विचारलं, मध्यरेषा कुठाय?
सगळ्यांनी समुद्राकडे बोट दाखवलं.
ढाल वाटून घ्यायची ठरली,
सहा महिने आमच्याकडे, सहा पलीकडच्या गावात.
अजून पलीकडेच आहे. (हे छापू नये.)

मग खारवटात भराव घातला.
चिऱ्याच्या खाणीतली तांबडी माती,
बैलगाडीला आठ आणे.
बायका रविवारी खडे वेचायच्या,
त्यांची नावं कुठल्याच यादीत नाहीत,
मी शोधली.
हसन वस्तांनी गलबताचं जुनं शीड दिलं,
त्याचा तंबू; पावसाळ्यानंतरही
त्याला सुक्या बांगड्याचा वास.
खारवी, भंडारी, दालदी, पोस्टमास्तरांचा एक मुलगा,
साखळी धरताना
मनगट कुणाचं ते कुणी बघत नसे.
पुढे बघू लागले.
ते साल माझ्याकडे आहे. लिहीत नाही.

इक्बाल होडेकर, डावा कोपरा.
घोटा धरला की
माणूस आधी पडायचा, मग त्याला कळायचं.
कुवेतला गेला.
त्याच्या पहिल्या ड्राफ्टातून दोन हॅलोजन आले,
गॅसबत्त्या गेल्या.
झगझगीत उजेडात आम्ही सात वर्षं
त्या कोपऱ्यात माणसं उभी केली.
कोपरा रिकामाच दिसायचा.

ठराव क्रमांक नऊ : मुलींचा संघ.
विरोधात एक मत.
ते माझं.
त्याच हिवाळ्यात वनिता पावसेनं
जिल्ह्याच्या सामन्यात एका चढाईत चार गडी मारले,
लोण चढवला,
आणि गुणलेखक म्हणून तो आकडा
मलाच लिहावा लागला.
वहीत बघा, त्या ओळीवर पेन जरा जोरात दाबलंय.

बाकी काय.
मैदानावरून रस्ता गेला,
उरलेल्या तुकड्यावर सहा मजले आले.
वाडी आता शहरातच. पत्त्याला पिनकोड लागतो.
बिल्डरने तळघरात जागा दिली,
गाड्यांच्या मधे निळी मॅट अंथरतात,
पोरं बूट घालून खेळतात, चांगलं खेळतात.
मातीला मीठ किती घालायचं
हे आता कुणाला सांगू?
जुन्या वह्यांत एका वर्षी पाणी शिरलं.
शाई फुटली. कुठले जिंकलो, कुठले हरलो,
सगळ्याचा एकच जांभळा डाग.

काल तारखांची खात्री करावी म्हणून
पुळणीवर गेलो. म्हणजे, निमित्त.
सप्तमी होती, पाणी लांब गेलेलं.
तेरा पोरं टाचेनं रेषा ओढत होती.
विचारलं, कुठलं मंडळ?
मंडळ कसलं काका,
पाणी येईस्तो खेळतोय.
मग एक जण म्हणाला,
ह्या बाजूला एक कमी आहे. येता काय?

एकतीस वर्षं मी दुसऱ्यांचे गुण लिहिले.
रेषा ओलांडली नाही कधी.

चपला काढल्या.
वारा होता.
वही उडू नये म्हणून तिच्यावर ठेवल्या.