परिच्छेद आठ

खोकला आला की दाबायचं एक बटण असतं
आमच्या काचेच्या खोलीत.
दाबलं की माझा आवाज कुणाच्याच कानात पोचत नाही.
बावीस वर्षांत मी ते
फक्त खोकल्यासाठीच दाबलं.

व्हिएन्ना. सकाळपासून एका क्रियापदावर अडलंय:
निर्बंध 'उठवावेत' की 'स्थगित ठेवावेत'.
ब्रसेल्सचे फानहेके म्हणतात,
उठवलेलं पुन्हा लादायला लाज वाटते,
स्थगित ठेवलेलं नुसतं हाक मारून जागं करता येतं.
समुद्रापलीकडचा गृहस्थ पेन्सिल चावत म्हणतो,
म्हणूनच.
हे दोघे एकाच बाजूचे.
त्यांचं भांडण मी आवाज खाली घेऊन सांगते,
जेवायला गेलेल्या घरी नवराबायकोचं जुंपावं
आणि आपण चमच्याकडे बघत बसावं, तसं.

माझ्या देशाला मसुद्यात नाव नाही.
'संबंधित पक्ष' म्हणतात त्याला,
सोयरीक मोडल्यावर व्याह्यांबद्दल बोलावं तसं.
आणि जे जे ठरलेलं नाही ते चौकटी कंसात.
आठव्या परिच्छेदात तर इतके कंस
की आतली वाक्यं जन्माला यायलाच घाबरतात.

नियम असा, की दुभाष्याने 'मी'च म्हणायचं.
म्हणून मी उपमंत्री. मी निरीक्षक.
मी युरेनियमच्या समृद्धीचे टक्के मोजणारा भौतिकशास्त्रज्ञ
(समृद्धी म्हणतात त्याला, मी काय करू).
माझी यंत्रं फिरणारच, तो माझा हक्क आहे,
आणि दहा मिनिटांनी मीच
तीव्र चिंता व्यक्त करते.

चार वाजून दहा मिनिटांनी यझ्दहून तूबाचा निरोप.
सियामकचा गुडघा पुन्हा सुजलाय.
शाळेत गोलकीपर झाला, नको नको म्हटलं असताना.
त्याच्या रक्ताला थांबायचं कळत नाही.
त्याला लागतो फॅक्टर आठ, बोटाएवढ्या कुपीतला,
आणि दबीरींच्या दुकानात तो दोन महिने नाही.
कंपनी द्यायला तयार, तूबा बांगडी मोडायला तयार,
मधली बँक तेवढी म्हणते, आम्हाला जोखीम नको.

नेमकं तेव्हाच कानात मादाम ऑब्रियाँ:
'औषधं निर्बंधांतून पूर्णपणे वगळलेली आहेत,
हे मी इथे ठामपणे सांगू इच्छिते.'

मी. ठामपणे. सांगू इच्छिते.

बटण दाबलं. खोकला नव्हता.
शेजारच्या इल्झेने पाण्याचा पेला सरकवला.
खाली उपमंत्र्यांनी कानातलं यंत्र चाचपलं,
मान वर केली, समोर पाहत राहिले.
सात सेकंद.
मग मी बोट उचललं आणि वाक्य दिलं
जसंच्या तसं, स्वल्पविरामासकट.

संध्याकाळी जिन्यात फानहेके कुणाला तरी सांगत होते,
पाहिलंत? औषधांपाशी ते थबकले.
मऊ जागा तिथेच आहे.
पेन्सिलवाला म्हणाला, छे, तो राग गिळत होता,
आता आणखी आवळायला हवं.
माझ्या सात सेकंदांवर
दोघांचं जेवणापर्यंत जमलं नाही.
बहुधा तेही कंसात गेले असतील.

रात्री फोनवर सियामक.
गुडघ्यावर फ्रीझरमधल्या वालाच्या दाण्यांची पिशवी.
तू असतेस ना तिथे, मग सांग ना त्यांना.
म्हटलं, मी काचेच्या आत असते रे.
गोलकीपरसारखी?
हो, तशीच.
मग किती गोल झाले?
म्हटलं, अजून खेळ सुरू व्हायचाय,
मैदान किती फुटांचं यावरच वाद आहे.
तो हसला. हसताना पाय हलला असणार.
मग फोन तूबाने घेतला, म्हणाली,
दाणे वितळत आलेत,
दुसरी पिशवी भरते, नंतर बोलू.