चाळीस शर्ट

अक्कलकोट रोडच्या नव्या हॉटेलची ऑर्डर.
चाळीस शर्ट, एकच निळा, एकच कट.
"गळ्यातलं काही दिसायला नको," मॅनेजरनं दोनदा सांगितलं.

बसलिंगप्पा माप द्यायला आला
छातीवर हात धरूनच.
मी काही विचारलं नाही.
आतून खिसा लावला, मलमलचा,
करडगी मावेल एवढा.

पद्मजा येमूलचा डावा हात कोपरापाशी संपतो.
कागदावर लिहिलेलं: बाही पूर्ण,
टोक पिनेनं दुमडून घ्यावं.
"मग पिन रोज आईनं लावायची का ओ, मामा?"

मी कात्री घेतली.

सगळं सोलापूर युनिफॉर्म शिवतं,
आणि माझ्या मशीनवर
वीतभर निळं कापड उरलंय.
बिलात कुठं लिहू?