चार हजार हर्ट्झ

भुसावळच्या शेडनं माझ्या डाव्या कानातलं
नेमकं चार हजार नेलं.
ऑडिओग्रामवर खड्डा,
यावल रोडला असतो तसा.

हितेंद्रनं डॅकच्या मेनूत शिरून
तिथंच एक बँड ठेवला. क्यू दीड, उचल सहा डेसिबल.
"पण मामा, आधी सगळंच सहानं खाली.
नाहीतर आवाज फाटेल."
घेतलं खाली. सवय आहे.

मग अमळनेरच्या लग्नाची कॅसेट, आता फाइल झालेली.
स आणि श वेगळे झाले,
बांगड्या आल्या,
आणि मांडवाच्या कडेनं कोकिळामावशी, दबकत:
"नवरदेव बहिरा शे का वं?"

तेव्हा नव्हतो, मावशी.
शेडला लागून तेराच दिवस झाले होते.

हिचं उत्तर
वाजंत्र्यांच्या बँडखाली गेलंय.
डॅकमध्ये अजून दोन शिल्लक आहेत.