दोन टक्के

बिसेन्झिओच्या काठी, प्रातोच्या जुन्या गोदामात
नेदो चिंध्या निवडतो.
स्वेटर उचलतो, दोन्ही मुठींत धरून एकदा ताणतो,
कान देऊन ऐकावं तसा थांबतो
आणि भिरकावतो.
डावीकडे लोकर. उजवीकडे बाकी सगळं.

उजवीकडचा ढीग आता छताला टेकलाय.

लेबल तो वाचत नाही.
"खोटं बोलतात. नाहीतर कुणीतरी कापलेली असतात,
टोचतात म्हणून."
दोन टक्के इलास्टेन, एवढंच तर असतं.
पण दुधात पडणारा मिठाचा खडा
असा केवढा असतो?
पिंजणाऱ्या यंत्राच्या दातांत ते अडकतं, चिवट,
आणि अख्खी गासडी नासते.

मी त्याच्या शेजारी उभी, तिसरा महिना.
अंगात घट्ट काळी जीन्स,
मी वाकले की वाकते, उठले की उठते.
तो काही म्हणत नाही.

गुरुवारी त्याची भाची आली, दियानोरा,
पिशवीत हातभर कापड घेऊन.
नुसती लोकर आहे, म्हणाली, पण पीळ बघ, मामा,
मीटरला हजाराच्या वर,
एक धागा उजवा, एक डावा,
गरम पाण्यात सोडला की आपला आपण आखडतो.

नेदोने ताणलं.
गेलं. परत आलं.
पुन्हा ताणलं, या वेळी जरा रागानेच.
मग कडेचा एक धागा उपसला, लायटर काढला.

इलास्टेन जळताना मी कितीदा पाहिलंय:
मागे काळा चिकट थेंब उरतो, बोटाला सोडत नाही.
सुंभ जळतो आणि पीळ राहतो, तसा.

हा धागा आक्रसला, विझला.
शेगडीवर फार वाकल्यावर येतो
तसा केसांचा वास आला.
नेदोने राख चिमटीत चोळली.
पिळासकट गेली.

बराच वेळ तो बोटं हुंगत राहिला.

"गुडघ्यांवर झोळ येईल."
"येतो," दियानोरा म्हणाली. "पाचव्या दिवशी. धुतलं की जातो."
"आणि महाग."
"महाग."

कापड त्याने तिला परत दिलं नाही.
डावीकडे ठेवलं, पण ढिगावर नाही,
जरा बाजूला, जेवणाच्या डब्यापाशी.

रात्री घरी मी जीन्स उतरवली, उलटी केली,
शिवणीत लेबल शोधलं.
कापलेलं होतं.
कमरेला टोचत असणार.
मीच कापलं असणार, कधीतरी.